हप्त्यासाठी नाही, भेटीसाठी

या महिन्याचा अभ्यासपाठ. येडशी परिसरातल्या गटांनी बैठकीत मोठ्यानं वाचावा. एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठकांत वाचा.



पाठाआधी एक छोटा हिशोब करू. वही नको, बोटं पुरतील. गेल्या महिनाभरात तुम्ही आपल्या गटातल्या किती जणींच्या घरी गेलात? आता त्यातून हप्ता मागायला गेलेल्या भेटी वजा करा. सही घ्यायला, आधारची झेरॉक्स मागायला गेलेल्या वजा करा. लग्नाची पत्रिका द्यायला गेलात, तीही वजा करा. किती उरल्या?

बऱ्याच जणींचं उत्तर शून्य किंवा एक येईल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. बचत कशी लिहायची, कर्ज कसं वाटायचं, ठराव कसा करायचा, हे आपल्याला प्रशिक्षणात शिकवलं. भेट कशी द्यायची हे कुणी शिकवलं नाही. पण त्याचा एक परिणाम होतो, तो आपण सगळ्यांनी पाहिलाय. एखादीचे दोन हप्ते थकतात. ती बैठकीला यायचं टाळते. तिसऱ्या महिन्यात अध्यक्ष आणि सचिव तिच्या दारात जातात. ती आतूनच लेकराला सांगते, "आई रानात गेलीय म्हण." जिला गटाची सगळ्यात जास्त गरज आहे, तिलाच गटाची धास्ती वाटायला लागते. मग ती खासगी फायनान्सवाल्याकडून पैसे उचलते, एक कर्ज फेडायला दुसरं काढते आणि एक दिवस गटाच्या यादीतून तिचं नाव कमी होतं.

हे थांबवायचं असेल तर तिच्या दारात वसुलीआधी जायला हवं. नुसतं मनात असून ते होत नाही, त्याला शिस्त लागते. ही शिस्त शंभर वर्षांहून जास्त काळ पाळणारं एक मंडळ आहे. कॅथलिक ख्रिस्ती बायांनी सुरू केलेलं, प्रार्थना आणि सेवा करणारं. त्याचं नाव 'लिजन ऑफ मेरी', म्हणजे मरियामातेची सेना. आज त्याची ओळख करून घेऊ.

आपला आणि त्यांचा काय संबंध?

कुणी म्हणेल, ख्रिस्ती लोकांचं मंडळ, आपल्या गावात त्याचं काय काम? तर आठवा. जानेवारी २०२० मध्ये आपल्याच जिल्ह्याच्या गावी, धाराशिवला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. तेव्हा जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं. त्या संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे कॅथलिक धर्मगुरू. 'सुवार्ता' या मराठी मासिकाचे ते अनेक वर्षं संपादक होते. वसईची हिरवाई वाचवायच्या आंदोलनात ते लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. तिथले कॅथलिक लोक घरात मराठी बोलतात, चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करतात, शेती-बागायती करतात. म्हणजे ही माणसं परकी नाहीत.

मुंबई-वसईकडच्या चर्चमध्ये प्रार्थनेसाठी आणि सेवेसाठी बायांची मंडळं असतात. आपल्याकडे एकादशीला भजनी मंडळ बसतं, तशीच. त्यातलं लिजन ऑफ मेरी हे जगभर पसरलेलं मंडळ आहे. मुंबई-वसईतही त्याच्या शाखा आहेत. पुढं त्यात पुरुषही आले, पण सुरुवात बायांची आणि पहिलं कामही बायांचं.

पंधराएक जणी आणि एक टेबल

गोष्ट आयर्लंडची. इंग्लंडच्या शेजारचा हा देश आपल्यासारखाच इंग्रजांच्या राज्यात होता. १९२१ साली तिथं इंग्रजांविरुद्धची लढाई नुकतीच थांबली होती. राजधानी डब्लिनमध्ये गरिबी मोठी होती. एकेका पडक्या इमारतीत, एकेका खोलीत अख्खं कुटुंब राहायचं. ज्यांना कुणी नाही अशा गरीब आजाऱ्यांसाठी शहरात एक मोठा सरकारी आश्रम आणि दवाखाना होता. तिथल्या वॉर्डात बाया महिनोन् महिने पडून असत.

त्या वॉर्डांत जाऊन आजाऱ्यांची विचारपूस करणारी एक संस्था होती, सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी. १८३३ मध्ये पॅरिसला सुरू झालेली. पण त्या संस्थेत तेव्हा फक्त पुरुषच सभासद होऊ शकत होते. डब्लिनमधल्या काही बायांनी एका सभेत या दवाखान्यातल्या भेटींची हकिकत ऐकली आणि त्या म्हणाल्या, हे काम आम्हालाही करायचंय. पुरुषांच्या संस्थेत जागा नव्हती, मग त्यांनी स्वतःचंच मंडळ काढलं.

७ सप्टेंबर १९२१. बुधवार. रात्रीचे आठ. फ्रान्सिस स्ट्रीटवरच्या मायरा हाऊस नावाच्या घरात पंधराएक जणी जमल्या. बहुतेक तरुण पोरी, दिवसभर कामावरून आलेल्या. सोबत एक फादर आणि फ्रँक डफ नावाचे बत्तीस वर्षांचे सरकारी कर्मचारी. जी आधी आली होती तिनं टेबलावर पांढरं कापड अंथरून मरियामातेची मूर्ती, दोन फुलदाण्या आणि दोन मेणबत्त्या मांडून ठेवल्या होत्या. सगळ्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली. मग उठून ठरवलं, कोण कुणाबरोबर जाणार, कधी जाणार, पुढच्या बैठकीत काय सांगणार. अध्यक्ष म्हणून वयानं मोठ्या एलिझाबेथ कर्वन यांना निवडलं.

नीट बघा, त्या रात्री काय काय झालं. बैठक झाली, प्रार्थना झाली, पदाधिकारी ठरले, काम वाटून झालं आणि पुढची बैठक ठरली. भाषण कुणी केलं, हार कुणाला घातला, असलं काही तिथं नव्हतं. आपल्या गटाची पहिली बैठक आठवा. साधारण तशीच होती ना?

दवाखान्यापासून पुढं

वर्षभर दवाखान्यात जाऊन या बायांना एक कळलं. भेटायला गेल्यावर जे दिसतं, ते घरी बसून दिसत नाही. डब्लिनमध्ये एक वस्ती होती, जिथं बायांना शरीरविक्रय करावा लागायचा. चांगल्या घरची माणसं त्या गल्लीचं नावही घ्यायची नाहीत. १९२२ मध्ये मंडळाच्या बाया त्या घरांत गेल्या. तिथल्या बायांशी बोलल्या, पुन्हा पुन्हा गेल्या. ज्यांना तिथून बाहेर पडायचं होतं, त्यांच्यासाठी त्याच वर्षी जुलैमध्ये एक वसतिगृह सुरू झालं, सांक्ता मारिया. त्यासाठी इमारत सरकारनं दिली.

१९३० मध्ये त्यांनी बेघर बायांसाठी आणखी एक वसतिगृह काढलं, रेजिना कोएली. तिथं लग्नाशिवाय आई झालेल्या मुलीही येत. त्या काळी आयर्लंडमध्ये अशा मुलीचं लेकरू तिच्यापासून तोडून दुसरीकडं देण्याची रीत होती. या वसतिगृहात आईला आपलं लेकरू जवळ ठेवता येई. समाजानं ज्यांच्यासाठी दार लावलं, त्यांच्या दारात या बाया गेल्या.

१९३६ मध्ये याच मंडळाची एडेल क्विन नावाची तरुणी आफ्रिकेला निघाली. तिला क्षयरोग झालेला होता. दीड वर्ष ती दवाखान्यात राहून आली होती. तरी ती पूर्व आफ्रिकेत गावोगाव हिंडली आणि तिथं मंडळाच्या शाखा उभ्या केल्या. १२ मे १९४४ रोजी नैरोबीत ती वारली, वय छत्तीस. तिच्यामागे शाखा चालूच राहिल्या, कारण त्या चालवणाऱ्या बाया तिथल्याच होत्या. आपल्या सीआरपी ताई दुसऱ्या गावात जाऊन गट बांधतात आणि गट त्या गावच्या बायांच्या हाती देऊन परत येतात. ही रीत तुम्हाला ओळखीची वाटेल.

त्यांची बैठक, आपली बैठक

या मंडळाचा लहान गट असतो, त्याला ते प्रेसिडियम म्हणतात. गटाला अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि खजिनदार. बैठक दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. जास्तीत जास्त दीड तास. सुरुवातीला जपमाळेची प्रार्थना, मग थोडं वाचन, मागच्या बैठकीचं इतिवृत्त, हिशोब, मग प्रत्येकीनं आपल्या कामाचा अहवाल सांगायचा, मग नव्या आठवड्याचं काम वाटायचं. अशा काही गटांवर एक वरची समिती असते, तिला क्युरिया म्हणतात. गटाचे पदाधिकारी तिथं बसतात. तिच्या वर आणखी समित्या आणि सगळ्यात वर डब्लिनची.

आपल्याकडे गट, गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ. आपल्याकडे पंचसूत्री आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. चौकट जवळपास सारखीच. फरक एवढाच की आपली वही पैशाच्या कामाची आणि त्यांची वही भेटीच्या कामाची. आपण पैशाला जी शिस्त लावली, ती त्यांनी मायेला लावली. आपल्या दशसूत्रीत आरोग्य, शिक्षण, शासकीय योजना हे विषय आहेतच. पण ते घरोघरी पोचणार कसे? भेटीतूनच.

त्यांच्याकडून घ्यायचे पाच नियम

पहिला नियम: काम वाटून द्यायचं. "जमेल तेव्हा जाऊन या" असं तिथं कुणी म्हणत नाही. या आठवड्यात कुणी, कुणाकडे जायचं हे बैठकीत ठरतं आणि लिहिलं जातं. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" म्हटलं की कुणीच लक्ष ठेवत नाही, हा आपलाही अनुभव आहे. दोन नावं लिहिली की काम होतं.

दुसरा नियम: दोघी-दोघींनी जायचं. एकटीनं नाही, चार जणींनी नाही. एकटी गेली तर तिच्या मनाला येईल तेवढंच दिसतं, आणि उद्या कुणी काही बोललं तर साक्षीला कुणी नसतं. चौघी गेल्या की भेटीची बैठक होते आणि ज्या घरात दोनच कप आहेत तिथं बाईला संकोच होतो. दोघींत एक जुनी सभासद आणि एक नवी अशी जोडी लावली तर नवी आपोआप शिकते.

तिसरा नियम: पुढच्या बैठकीत सांगायचं. काम केलं तर काय केलं ते सांगायचं. झालं नाही तर "झालं नाही" एवढं सांगायचं. या एका नियमावर सगळं उभं आहे. बचत दर बैठकीला सगळ्यांसमोर मोजली जाते म्हणून ती होते. भेटही सगळ्यांसमोर विचारली गेली तरच होईल.

चौथा नियम: बैठकीतलं बैठकीतच. भेटीत दिसलेलं, ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. नळावर नाही, बाजारात नाही, घरी नवऱ्यालाही नाही. त्यांच्याकडे हा नियम फार कडक आहे. आपल्याकडे तर तो आणखी कडक हवा, कारण आपण एकाच गावात राहतो. एकदा गोष्ट फुटली की पुन्हा कुणी आपल्यासमोर मन मोकळं करणार नाही.

पाचवा नियम: भेटीला जाताना पैसा किंवा वस्तू न्यायची नाही. हा नियम ऐकून तुम्ही चमकाल. गरिबाकडे रिकाम्या हाती जायचं? पण त्यामागं विचार आहे. हातात पिशवी घेऊन गेलं की समोरची बाई आपल्याकडे कमी आणि पिशवीकडे जास्त बघते. पुढच्या वेळी रिकामं गेलं तर दोघींनाही अवघडल्यासारखं होतं. शिवाय देणारी मोठी आणि घेणारी लहान होते. म्हणून त्यांनी मदत देण्याचं काम दुसऱ्या संस्थांवर सोपवलं आणि स्वतःकडे सोबत देण्याचं काम ठेवलं. आपल्याकडेही मदतीची सोय वेगळी आहे. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असतो, तो अशाच अडचणीसाठी आहे. भेट देणाऱ्या दोघींनी गरज ओळखून ग्रामसंघात मांडायची. मग ग्रामसंघ ठराव करून मदत देईल. ते पैसे कुण्या एका बाईचे उपकार राहत नाहीत, सगळ्यांचे होतात.

गुप्त पिशवीची गोष्ट

या मंडळाची आणखी एक रीत सांगण्यासारखी आहे. बैठकीत एक बंद पिशवी सगळ्यांमधून फिरते. प्रत्येकीनं मूठ आत घालायची आणि जमेल ते टाकायचं. कुणी किती टाकलं ते कुणाला दिसत नाही. जिच्याकडे काहीच नाही तीसुद्धा मूठ आत घालते आणि तिची रिकामी मूठ कुणाला कळत नाही.

आता कुणी म्हणेल, मग आपली बचतही अशीच करू. नाही बाई! बचतीचा हिशोब उघडाच हवा. कुणी किती भरले, कुणाकडे किती थकले, हे सगळ्यांना दिसायलाच पाहिजे, नाहीतर गट बुडेल. पण एखादीच्या अंत्यविधीला, आजारपणाला गटात वर्गणी काढतो, तेव्हा मोठ्यानं नावं घेऊन "हिचे शंभर, तिचे पन्नास" असं म्हणायची गरज नाही. त्या वेळी पिशवी फिरवा. जी रोजंदारीवर आहे तिची मान खाली जाणार नाही. एकूण रक्कम मोजून इतिवृत्तात लिहा म्हणजे झालं. बचतीची पेटी उघडी, वर्गणीची पिशवी झाकलेली. दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

धर्माचं काय?

हे स्पष्ट बोललेलं बरं. लिजन ऑफ मेरी हे धार्मिक मंडळ आहे. प्रार्थना हा त्यांचा पाया आहे आणि लोकांना आपल्या श्रद्धेकडे आणणं हाही त्यांचा हेतू आहे. तो त्यांच्या धर्मातला विषय, त्यात आपण पडायचं नाही.

आपल्या गटांत सगळ्या जातिधर्मांच्या बाया आहेत. कुणी हरिपाठ म्हणतं, कुणी नमाज पढतं, कुणी बुद्धवंदना घेतं, कुणी श्रावणात रामलिंगाला जातं. म्हणून आपला नियम असा: भेटीला निघण्याआधी ज्या देवाला हात जोडायचे त्याला आपल्या मनात जोडा, पण भेटीत धर्माचा प्रचार नाही, नवससायास सुचवायचे नाहीत, "हे तुझ्या कर्माचं फळ" असलं बोलणं तर मुळीच नाही. आपल्याला त्यांच्याकडून घ्यायची ती शिस्त. आणि त्यांचं एक म्हणणं आपल्या भजनी मंडळांनीही ऐकण्यासारखं आहे: तिथं नुसती प्रार्थना करून कुणी पूर्ण सभासद राहत नाही, आठवड्याचं कामही करावंच लागतं. ज्यांना चालवत नाही, ज्या आजारी आहेत, त्यांच्यासाठी वेगळं सभासदत्व आहे. त्या घरी बसून बाकीच्यांसाठी प्रार्थना करतात. म्हणजे म्हातारी आजीसुद्धा मंडळाबाहेर जात नाही. आपल्या गटातल्या थकलेल्या आजीला आपण काय काम दिलंय?

दोन भेटी, एक घर

समजा, एका सभासदाचे तीन हप्ते थकलेत. वसुलीची भेट कशी होते? "ताई, तीन महिने झाले. तुमच्यामुळं आमचं बँकेचं खातं बिघडायला लागलंय." ती म्हणते, "पुढच्या महिन्यात देते." दोन्हीकडं राग. भेट पाच मिनिटांत संपते. कळत काहीच नाही.

आता दुसरी भेट. दोघी जातात, उंबऱ्यावर बसतात. "दोन बैठका दिसला नाहीत, म्हणून आलो. हप्त्यासाठी नाही आलो." थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग हळूहळू कळतं की नवऱ्याला सोलापूरला दवाखान्यात ठेवलं होतं. सोयाबीन पावसात भिजलं. दोन खासगी कंपन्यांचे हप्ते आहेत. थोरल्या पोरीची शाळा बंद केलीय. हे कळल्यावर गटाला करण्यासारखं किती आहे बघा. कर्जाचे हप्ते लहान करून मुदत वाढवण्याचा ठराव होऊ शकतो. ग्रामसंघातून मदत होऊ शकते. दवाखान्याच्या पुढच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते बघता येतं. पोरीच्या शाळेत जाऊन शिक्षकांशी बोलता येतं.

एक गोष्ट पक्की पाळा: भेटीच्या जोडीनं वसुली करायची नाही. हप्त्याचं बोलणं बैठकीत, सगळ्यांसमोर, अध्यक्षांनी करायचं. "हप्त्यासाठी नाही आलो" असं म्हणून उठताना "तेवढं हप्त्याचं बघा" म्हटलं, की सगळी भेट पाण्यात गेली.

आपल्या गटात कसं सुरू करायचं?

पहिली बैठक: यादी करा. कुणाकडे जायला हवं? दोन बैठका न आलेली. हप्ता थकलेली. आजारी किंवा बाळंतीण. नुकतीच विधवा झालेली. नवऱ्यानं टाकलेली. ऊसतोडीहून परत आलेली. गट सोडून गेलेली. एकटी राहणारी म्हातारी. यादीत पाच-सहाच नावं घ्या, जास्त नको.

दुसरी बैठक: जोड्या लावा. प्रत्येक जोडीला महिन्यात दोनच भेटी. सुगीत तेवढ्याही जमणार नाहीत, तेव्हा एकच ठेवा, पण बंद करू नका. भेटीची वेळ तिच्या सोयीची घ्या, आपल्या नाही. चुलीपुढं असेल तर चुलीपुढंच बसा, भाकरी थापू द्या, चहाचा आग्रह धरू देऊ नका.

तिसरी बैठक: अहवाल ऐका. वहीत पाचच रकाने करा: तारीख, कुणाकडे, गेलेल्या दोघी, पुढं काय करायचं, ते कोण करणार. घरातलं भांडण, आजाराचं नाव, कुणाचं व्यसन हे वहीत लिहायचं नाही. वही उद्या कुणाच्याही हाती पडू शकते. नाजूक गोष्ट असेल तर ती फक्त अध्यक्षांना सांगा, तीही त्या बाईला विचारून.

चौथी बैठक: ग्रामसंघात काय न्यायचं ते ठरवा. योजनांची कामं इथून पुढं सरकतात. निराधार, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग बाईसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. ६५ आणि त्याहून जास्त वयाच्या निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. अर्ज तहसीलला जातो, येडशीकरांना धाराशिवला जावं लागतं. कागद गोळा करायला आणि फेऱ्या मारायला एकटी बाई कंटाळते, अर्ज अर्धवट राहतो. जोडीतल्या एकीनं एक दिवस सोबत जायचं. ती सोबतच मोठी मदत असते.

आणि काही गोष्टी भेटीच्या जोडीच्या आवाक्याबाहेरच्या असतात. मारहाण होत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, जिवाला धोका असेल तर ११२. आजारी माणसाला तातडीनं हलवायचं तर १०८ ची रुग्णवाहिका. कुणी "आता जगून काय करू" असं बोललं तर ते बोलणं सोडून देऊ नका. त्या बाईला एकटं ठेवू नका, घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगा आणि टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर फोन लावा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं. इथं मात्र गुपिताचा नियम मागं ठेवायचा. जीव आधी.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या दोन वर्षांत आपल्या गटातून कोण कोण गेल्या? जाण्याआधी आपण त्यांच्या घरी किती वेळा आणि कशासाठी गेलो होतो?

२. डब्लिनच्या बाया बदनाम वस्तीत गेल्या. आपल्या गावात असं कुठलं घर आहे, जिथं जायला आपण कचरतो? का?

३. रिकाम्या हाती भेटीला जायचं, हे तुम्हाला पटतं का? पटत नसेल तर आपला नियम काय असावा?

४. बैठकीतलं बाहेर जाऊ नये म्हणून आपण काय ठरवणार? कुणी फोडलं तर काय?

५. "आम्हालाच वेळ नाही, दुसऱ्याच्या दारी कधी जाणार?" असं एखादी म्हणाली तर तिला काय उत्तर द्याल? तिचं म्हणणं खोटं नाही, एवढं ध्यानात ठेवून उत्तर द्या.

या महिन्याचं काम

पुढच्या बैठकीच्या आत प्रत्येक गटानं निदान एका घरी अशी भेट द्यायची. वही लगेच नाही केली तरी चालेल, जोडी मात्र लिहून ठरवा. ग्रामसंघाच्या बैठकीत प्रत्येक गटाच्या अध्यक्षांनी एवढंच सांगायचं: भेट झाली की नाही, आणि त्यातून कोणतं काम निघालं. घराचं नाव सांगायचं नाही.

आणि महिन्याच्या शेवटी पुन्हा बोटं मोजा. हप्ता, सही, झेरॉक्स, पत्रिका वजा करून किती भेटी उरल्या, ते बचतीच्या आकड्याशेजारी लिहा.